अर्थ लागत नाही

मराठीच्या प्राध्यापकाला दिवसातून एकदा तरी ऐकावे लागते असे वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी बेलाशक सांगेन, ‘अर्थ लागत नाही.’ विद्यार्थी हे वाक्य ओवीविषयी उच्चारतात, नवकवितेविषयी उच्चारतात, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे प्रश्नपत्रिकेविषयीही उच्चारतात. परंतु मौज अशी की, हेच वाक्य महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये, मोटारीच्या बॉनेटमध्ये डोके खुपसून बसलेल्या मिस्त्रीच्या तोंडूनही ऐकू येते. त्याचा ‘अर्थ’ साहेबाच्या भाषेतला. म्हणजे पृथ्वी, जमीन. विजेच्या प्रवाहाला परत जायची वाट. ती वाट नीट जुळली नाही की मिस्त्री हात पुसत म्हणतो, “साहेब, अर्थ लागत नाही.” माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात शब्दावर याहून सुरेख श्लेष मी कोणत्याही पंडित कवीत पाहिलेला नाही, आणि तो करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

या सदरात दर दिवाळीला मी पुस्तकांविषयी काही ना काही लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. या खेपेस मोटारीविषयी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझे वडील एस. टी.च्या आगारात मोटारींच्या विजेचे काम करीत. लहानपणी सुटीच्या दिवशी कोणाची तरी गाडी दारात यायची, आणि बॅटरी धरायला (हातातली, दिव्याची) मला उभे करायचे. बॅटरी जरा हलली की वडील म्हणत, “उजेड माझ्या हातावर पाड, तोंडावर नको.” व्याकरण मी पुढे कॉलेजात शिकलो, पण वाक्याचे पृथक्करण, म्हणजे कर्ता कोठे, कर्म कोठे, क्रियापद कोणावर अवलंबून आहे, हे शोधण्याची सवय मला त्या बॅटरीच्या उजेडात लागली असावी.

आम्ही राहतो लोट्याला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले हे गाव. मुंबईहून गोव्याला जाताना भोस्ते घाट ओलांडून थोडे पुढे आलात की दोन्ही अंगांना रासायनिक कारखान्यांच्या चिमण्या आणि टाक्या दिसू लागतात, तेच लोटे. आणखी पुढे परशुरामाचे देऊळ, मग परशुराम घाट, आणि घाटाच्या पायथ्याशी वाशिष्ठी नदी व चिपळूण. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर. म्हणजे आषाढ-श्रावणात आमच्याकडे लोखंड गंजत नाही, ते उगवते. पत्र्यावर, पाइपांवर, खिळ्यांवर तांबूस बुरशीसारखे उगवते. जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाने हे विसरून चालत नाही.

आमचे शेजारी अण्णा असेच एक जुनी मोटार बाळगणारे. कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठेक वर्षे झाली. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. तरुण वाचकांसाठी सांगतो: सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या साह्याने जी मोटार बाहेर पडू लागली तिला लोक नुसते ‘फियाट’ म्हणत. १९७० नंतरच्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि त्या दिवशी मुंबईच्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावा तसे तिच्यावर लिहिले. खाजगी पद्मिनी मात्र अजून आहेत. दर पाच वर्षांनी तपासणी करून घ्यायची, नोंदणी वाढवायची, आणि मुलांची बोलणी खायची, असा त्यांच्या मालकांचा संसार.

अण्णांचा मुलगा पुण्याला असतो. “बाबा, भंगारात द्या ती आता,” असे तो दर रविवारी फोनवर सांगतो. एरवी हा बापलेकांचा लाडका वाद म्हणून सोडून देता आला असता. पण गेल्या वर्षापासून काकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. पाळी दुपारची मिळाली आहे. परत यायला रात्रीचे आठ-नऊ वाजतात. पावसाळ्याच्या दिवसांत, रात्री, परशुराम घाट. रस्ता चौपदरी झाला तरी डोंगर तोच आहे, आणि दरड कोसळल्याची बातमी आली नाही असा पावसाळा आठवणे कठीण. अशा घाटात श्रावणातल्या एका रात्री अण्णांच्या गाडीचे दिवे हळूहळू पिवळे पडले, मग निखाऱ्यासारखे तांबडे झाले, वायपर अर्ध्यावर थांबला, आणि मागून येणाऱ्या टँकरच्या उजेडात त्यांनी कशीबशी गाडी कडेला घेतली. तीन तासांच्या डायलिसिसनंतर थकून गेलेल्या काकू मागे बसलेल्या. टँकरवाला भला, त्याने आपल्या मागोमाग हळूहळू वर आणले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी नवी बॅटरी घेतली. आठ महिन्यांतली ती दुसरी.

येथे थोडे मूळ सांगायला हवे. मोटारीतली बॅटरी वीज तयार करीत नाही. ती बँकेतले खाते. कमावता माणूस दुसराच असतो. जुन्या गाड्यांत तो डायनामो असे, अलीकडच्या गाड्यांत आल्टर्नेटर असतो. चुंबकाजवळ तार फिरवली, किंवा तारेजवळ चुंबक फिरवला, की तारेत वीज उत्पन्न होते, हे फॅरेडेने १८३१ साली दाखविले. चिपळूणपलीकडे पोफळीला कोयनेचे पाणी सह्याद्रीवरून पाडून डोंगराच्या पोटात जी यंत्रे फिरवतात त्यांचे तत्त्व हेच, आणि अण्णांच्या बॉनेटखाली रबरी पट्ट्याने फिरणाऱ्या नारळाएवढ्या यंत्राचे तत्त्वही हेच. पाण्याऐवजी येथे इंजिनाची ताकद. गाडी सुरू करायला बॅटरी एकदम मोठी रक्कम काढून देते. स्टार्टर काही सेकंदांत शंभराच्या वर अँपिअर खातो. मग आल्टर्नेटर ती उसनवारी फेडतो आणि पुढचा घरखर्चही चालवतो.

घरखर्च किती? दोन मोठे दिवे मिळून नव्वद वॅट. मागचे दिवे आणि नंबराचा दिवा वीस. वायपर तीस-चाळीस. इंजिनाच्या ठिणगीसाठी कॉइल आणखी तीसेक. एकूण पावणेदोनशे वॅट धरा. भागिले बारा व्होल्ट, म्हणजे चौदा-पंधरा अँपिअर. पस्तीस अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी कमाई नसताना हा खर्च कागदावर दोन तास आणि काही मिनिटे चालवील. प्रत्यक्षात दीड तासाच्या आतच दिवे पिवळे पडतील. खाते अर्धेच भरलेले असेल तर चिपळूणहून निघून घाटापर्यंत. तेव्हा घाटात दिवे मालवले याचा दोष घाटाकडे जात नाही. ते खाते आधीच्या कित्येक दिवसांत रिकामे होत आलेले असते.

आपल्याकडे दिवे मंदावले, सेल्फ घर्रर्र करून थांबला, की पहिला आरोपी बॅटरी. ती बिचारी समोर असते, विकत मिळते, आणि बदलली की पंधरा दिवस सगळे ठीक चालते. नवी बॅटरी दुकानातून भरून आलेली असते, म्हणून ठीक चालते. ते भांडवल संपले की पुन्हा तेच. उपाशी माणसाचा सदरा बदलावा तसा हा प्रकार. शिवाय अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या पाट्यांवर शिसे-सल्फेटाचा कठीण थर बसतो, आणि मग ती खरोखरच खराब होते. म्हणजे निरपराध माणसाला तुरुंगात ठेवून ठेवून गुन्हेगार करावे, त्यातलेच.

भाद्रपदात गणपती गेल्यावर एके संध्याकाळी अण्णा माझ्याकडे आले.

“प्रोफेसर, तुमची ती पुस्तकं ठेवा जरा बाजूला. वडिलांचा मीटर अजून आहे ना?”

“मीटर नवा आहे अण्णा. सवयी जुन्या आहेत. पण मला आधी सांगा, हे केव्हापासून होतंय?”

“गेल्या दिवाळीपासून.”

“त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?”

अण्णा जरा थांबले. “काही नाही. पाडव्याला बाहेर काढायची म्हणून रंग दिला. आतून-बाहेरून. बॉनेटच्या आतसुद्धा. झकास दिला हो रंग!”

हा प्रश्न वडिलांचा. डॉक्टर जसा ताप कधीपासून हे विचारतो, तसे ते गाडीला हात लावण्याआधी मालकाला विचारीत. आणि ‘काही नाही’ या उत्तरापाशी कधी थांबत नसत.

डॅशबोर्डावर एक छोटा लाल दिवा असतो, तेथून मी आरंभ करतो. किल्ली फिरवली, इंजिन बंद आहे, तेव्हा तो लागला पाहिजे. इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. त्याची रचना मोठी चतुर आहे. त्याचे एक टोक बॅटरीकडे, दुसरे आल्टर्नेटरकडे. आल्टर्नेटर कमवू लागला की दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, आणि सारख्या दाबांत प्रवाह वाहात नाही, म्हणून दिवा विझतो. हा दिवा चालताना विझत नसेल तर कमाई बंद आहे, हे सगळ्यांना कळते. परंतु किल्ली फिरवल्यावर तो लागतच नसेल, तर ‘चला, त्रास नाही’ म्हणून लोक खूश होतात, ते चूक. पुष्कळ आल्टर्नेटरांना पहिले पाऊल टाकायला जी चिमूटभर वीज लागते ती या दिव्यातून जाते. दोन वॅटांचा दिवा जळाला की तेवढ्यासाठी सगळी कमाई खोळंबते, आणि हजारो रुपयांचा आल्टर्नेटर नाहक बदलला जातो. जुन्या डायनामोच्या गाडीत मात्र इंजिन मंद चालत असता लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नये. डायनामोला सावकाश फिरताना फारसे पोट भरता येत नाही. वेग घेतला की विझतो. अण्णांच्या गाडीचा मूळ डायनामो आधीच्या मालकाने काढून आल्टर्नेटर बसवून घेतलेला आहे. त्यांचा लाल दिवा लागत होता, विझत होता. शहाण्या मुलासारखा.

मग पट्टा. अंगठ्याने मध्यभागी दाबला तर एक-दीड सेंटिमीटर दबावा. जास्त दबला तर ढिला, घसरतो, ओला झाला की चिरकतो. आतल्या बाजूला काचेसारखी चकाकी आली असेल तर ताणूनही उपयोग नाही, बदलावा. अण्णांचा ठीक होता. आल्टर्नेटरच्या आतले कार्बन झिजतात, तेही एक कारण असते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात ज्या गाड्या बुडाल्या त्यांच्या बाबतीत मी आजही आधी तेच पाहीन, कारण गाळाचे पाणी एकदा आत गेले की यंत्र वाळून फिरू लागले तरी गाळ कार्बन आणि बेअरिंग खातच राहतो.

आता मीटर. येथे जरा सावकाश जातो, कारण अण्णांच्या गाडीचा सगळा घोटाळा येथेच लपला होता.

बारा व्होल्टांची बॅटरी म्हणजे सहा घरे, प्रत्येकात दोन व्होल्टांहून किंचित अधिक. रात्रभर गाडी उभी राहिल्यावर सकाळी, काहीही चालू न करता मोजावे. १२.६ म्हणजे खाते भरलेले. १२.२ म्हणजे अर्धे. १२ च्या खाली गेले की बाकी संपत आली. अण्णांच्या, महिन्यापूर्वी घेतलेल्या, बॅटरीवर आले १२.१. मग इंजिन सुरू करून जरा वेगावर ठेवायचे. आता बॅटरीच्या दोन टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. १५ च्या वर गेले तर तोही रोगच. नियामक बिघडला, बॅटरीतले पाणी उकळून जाणार. आणि १२ वर काटा हललाच नाही तर कमाई शून्य.

अण्णांच्या गाडीवर आले १३.८.

“बघा!” अण्णा म्हणाले. “गॅरेजवाल्यानंही हेच दाखवलं. चार्जिंग ओके. म्हणून तर बॅटरी बदलली.”

“आता दिवे लावा. मोठे. आणि वायपरही.”

काटा (काटा म्हणायची सवय, हल्ली आकडे असतात) उतरत उतरत १३.२ वर आला आणि तेथेच बसला. इंजिनाचा वेग वाढवला तरी तेथेच. दिवसाउजेडी, गॅरेजच्या शेडमध्ये, काहीही चालू नसताना जी गाडी निरोगी दिसत होती, ती रात्रीच्या पावसातला खर्च अंगावर पडताच मान टाकीत होती. गॅरेजवाल्याचा मीटर खरेच सांगत होता. त्याला तेवढेच विचारले होते.

तेव्हा मी मीटरची टोके बॅटरीवरून काढून आल्टर्नेटरवर लावली. एक त्याच्या जाड तारेच्या स्क्रूवर, दुसरे त्याच्याच अंगावर. दिवे, वायपर सगळे चालू. आले १४.१. कमावता माणूस पूर्ण पगार देत होता. घरी मात्र ०.९ कमी पोहोचत होते. पगार वाटेत कोठेतरी गळत होता.

वाटा दोनच. एक जायची, एक यायची. जायची वाट म्हणजे आल्टर्नेटरपासून बॅटरीच्या धन टोकापर्यंतची तार. तिच्या दोन टोकांना मीटर लावला, ०.२. खपून जाईल. यायची वाट म्हणजे हा आपला ‘अर्थ’. मोटारीत परतीसाठी वेगळी तार ओढत नाहीत, गाडीचा पत्रा हीच परतीची तार. बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले. आल्टर्नेटर मात्र इंजिनाला बोल्टने बसवलेला, आणि इंजिन बसते रबरी गाद्यांवर, हादरे लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी एक तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, वेणीसारखी. सगळा व्यवहार तिच्यावर. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर आणि दुसरे इंजिनाच्या अंगावर टेकवले. तेथे शून्याच्या जवळ काहीतरी यावे. ०.२ च्या वर गेले तर शंका घ्यावी.

आले ०.७.

एवढ्यात काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी मागंच सांगितलं होतं यांना. सेल्फ मारला की पुढं रबर तापल्यासारखा वास येतो. आणि ती चोकची तार! एकदा पाय टेकला तर चटका बसला मला. पण माझं कोण ऐकतो?”

“अगं, चोकची तार कशाला तापेल?” अण्णा म्हणाले.

वाचकहो, मला मीटर खिशात घालावासा वाटला. चोकची तार हे याचे अस्सल लक्षण आहे. राजरस्ता बंद झाला की प्रवाह आडवाटेने जातो. इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी धातूची दुसरी वस्तू कोणती? चोकची तार, अॅक्सिलरेटरची तार, वेगाच्या काट्याची केबल. स्टार्टरचे शंभर अँपिअर त्या सुतळीएवढ्या तारेतून घुसू पाहतात आणि ती तापते. सेल्फ आळसावलेला का फिरत होता, याचेही उत्तर हेच. मीटरने जे अर्ध्या तासात दाखवले ते काकूंच्या पायाला दिवाळीनंतर लवकरच कळले होते.

पट्टी सोडवली. इंजिनाकडचे टोक तेलकट पण बरे. पत्र्याकडचे टोक मात्र पाहण्यासारखे होते. रंग देणाऱ्याने पट्टी काढून ठेवली, बॉनेटच्या आत दोन हात छान गुळगुळीत रंग मारला, आणि रंग वाळल्यावर पट्टी त्यावरच बोल्टने आवळून टाकली. रंग हा उत्तम रोधक. वीज जात होती ती केवळ बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांवर लोट्याच्या पावसाळ्याने आपले तांबडे काम केले होते. पॉलिश-पेपरने पत्रा घासून रुपयाएवढी जागा चकचकीत केली, गंजलेला बोल्ट टाकून नवा घेतला, दात्यांचा वॉशर घातला, दीडशे रुपयांची नवी वेणी लावली, आणि वरून व्हॅसलिन फासले. रंग असा घासताना अण्णांचा चेहरा पाहवत नव्हता. “तेवढ्यापुरताच ना?” असे त्यांनी तीनदा विचारले.

पुन्हा दिवे, पुन्हा वायपर. इंजिन आणि ऋण खुंट यांच्यामध्ये ०.०५. बॅटरीवर १३.९.

येथे एक इशारा द्यायचा राहून जाईल, तो देतो. आल्टर्नेटर कमावतो की नाही हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसून काढायचे आणि ‘बघा, बंद पडली नाही!’ म्हणून दाखवायचे, ही विद्या अजून कोकणात पुष्कळ ठिकाणी चालते. डायनामोच्या काळात ती निभावून जात असे. आल्टर्नेटरचा मामला निराळा. तो मुळात उलटसुलट वाहणारी वीज तयार करतो, आणि त्याच्या पोटातले डायोड तिला एका दिशेला वळवतात. बॅटरी ही या सगळ्याला उशीसारखी असते, उसळी अंगावर घेते. ती एकाएकी काढली की विजेचा दाब क्षणभर भलताच उसळतो आणि डायोड जळतात. म्हणजे निरोगी आल्टर्नेटर तपासता तपासता मारला जातो, आणि मग तो मेलेलाच होता असे सिद्धही होते. एखादा डायोड जळून गळका झाला तर गाडी उभी असतानाही रात्रभर वीज झिरपते. ते शोधायला वडिलांची युक्ती सोपी: गाडी पूर्ण बंद, ऋण तार काढायची, आणि खुंट व तार यांच्यामध्ये बारा व्होल्टांचा छोटा दिवा धरायचा. लागला तर कोणीतरी चोरून खाते आहे. मग एकेक फ्यूज काढत जायचे. जो काढल्यावर दिवा विझेल त्या घरी चोर. सगळे फ्यूज काढूनही विझला नाही तर आल्टर्नेटरची जाड तार सोडवून पाहायची, मात्र त्याआधी बॅटरी पुरती सोडवून घ्यायची. नव्या, संगणक असलेल्या गाड्यांवर हा खेळ करू नये. त्यांचा संगणक झोपेतही थोडे खातो, आणि खुशाल खावे.

आता महिन्यापूर्वी आणलेल्या बॅटरीचे काय, हा प्रश्न होता. गॅरेजवाला तीही बदलून द्यायला तयार होताच. आम्ही ती काढून बारीक प्रवाहावर दोन दिवस सावकाश भरली. घनतामापक बुडवून पाहिला. सहाही घरांतले आम्ल १.२६ च्या आसपास, एकसारखे. एक रात्र ठेवून मोजली तर १२.६. आठ महिने आधीची जी पहिली बॅटरी अदलाबदलीत गेली, तीही कदाचित सुरुवातीला निर्दोषच असेल. पण ती कुठल्या भट्टीत वितळली, आता काय सांगावे.

नवरात्रात एका गुरुवारी मी मुद्दाम अण्णांबरोबर चिपळूणला गेलो. परतताना घाटात धो धो पाऊस लागला, हस्ताचा उशिरा आलेला. दिवे पांढरे, वायपर खटाखट. मीटर मी गाडीतच लावून ठेवला होता, आणि वळणावळणावर १३.८, १३.९ असे आकडे वाचून दाखवीत होतो. काकू मागच्या सीटवर डोळे मिटून टेकल्या होत्या. देवळाच्या वळणापाशी त्या तशाच, डोळे न उघडता, म्हणाल्या, “ते आकडे पुरे करा हो. झोप लागत होती मला.”

मी मीटर बंद केला. पुण्याहून मुलगा दिवाळीला येणार आहे, त्याला काय सांगायचे हे अण्णा आणि काकूंनी अद्याप ठरवलेले नाही. सध्या डाव्या बाजूचा दर्शक दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, एवढी एकच तक्रार आहे. त्याच्याही बुडाशी रंगच असावा असा माझा कयास आहे. रविवारी घासून पाहणार आहोत.